ड्रम कॅमच्या चरात रोलर तळाशी का घासतो?

प्रश्न : सॉलिडवर्क्स या त्रिमितीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ६० मिमी व्यासाच्या ड्रम कॅमवर (भोवतीच्या चरातून रोलरला सरकवणाऱ्या दंडगोलावर) ८ मिमी रुंद, १० मिमी खोल असा हेलिकल (मळसूत्री) चर काढला असून लीड (एका फेऱ्यात अक्षाच्या दिशेने होणारी सरक) १८० मिमी आहे. हेलिक्सवर आयताकृती स्केच देऊन स्वेप्ट कट (आकृती मार्गावरून फिरवून कापणे) घेतला. असेंब्लीत ७.९५ मिमीचा रोलर बसवून इंटरफिअरन्स (भाग एकमेकांत घुसतात का ते) तपासला, तर तोंडाशी रोलर मोकळा आहे, पण तळाशी दोन्ही भिंतींत लाल पट्टा दिसतो. रुंदी तर सगळीकडे ८ मिमीच दिली होती. (एक वाचक, भोसरी)

उत्तर : आपले माप चुकलेले नाही, चर कापण्याची रीत चुकली आहे. आपला आयत पृष्ठभागावरच्या हेलिक्सला काटकोनात धरलेला आहे, त्यामुळे ८ मिमी ही खरी रुंदी फक्त पृष्ठभागावर मिळते. तळाशी व्यास ४० मिमी उरतो, म्हणजे परीघ १८८.५ वरून १२५.७ मिमीवर येतो, पण लीड मात्र तेच राहते. साहजिकच चराचा चढ वर सुमारे ४३.७ अंश असेल, तर तळाशी तो ५५.१ अंश होतो. या ११.४ अंशांच्या फरकामुळे आयताची आडवी रेघ तळाशी चराला तिरपी पडते आणि काटकोनात मोजलेली रुंदी सुमारे ०.१६ मिमीने घटते. आपण ठेवलेली मोकळीक जेमतेम ०.०५ मिमी! लीड ६० मिमी आणि खोली ५ मिमी असती, तर हा फरक जेमतेम ०.०१ मिमी भरला असता आणि कोणाच्या लक्षातही आला नसता.

यावर उपाय म्हणजे स्केचऐवजी प्रत्यक्ष कटरच फिरवणे. ८ मिमी व्यासाचा दंडगोल, अक्ष ड्रमच्या अक्षाकडे रोखून, ‘मर्ज रिझल्ट’ (मूळ बॉडीत मिसळणे) या पर्यायावरची खूण हटवून स्वतंत्र बॉडी म्हणून तयार करावा, तो पृष्ठभागाच्या मिलिमीटरभर वर राहू द्यावा आणि मग स्वेप्ट कटमध्ये ‘सॉलिड प्रोफाइल’ निवडावे. हेलिक्सचा आरंभबिंदू या दंडगोलाच्या आत किंवा त्यावर असावा लागतो आणि मार्गात कोठेही कोपरा चालत नाही. बहुतेकांची आज्ञा इथेच फसते. कट झाल्यावर चराच्या शेवटच्या टोकाशी कटरचा अक्ष अजून ड्रमच्या अक्षाकडेच आहे ना, हे अवश्य पाहावे. तो कलला असेल तर मार्गाच्या अलाइनमेंटचा पर्याय बदलावा.

‘रॅप’ (पृष्ठभागावर स्केच गुंडाळणे) आज्ञेतील डीबॉस (आत खोदणे) वापरण्याचा मोह अनेकांना होतो. तिच्या भिंती ड्रमच्या अक्षाकडे रोखून आत जातात, त्यामुळे चर तळाशी आणखी अरुंद होतो. अक्षरे कोरायला ती उत्तम, रोलरसाठी नव्हे.