समुद्री जीवांच्या संशोधनातून माणसाच्या औषधांना खरंच काही मिळतं का?

तुम्ही विचारलंय की बी.एस्सी. झूलॉजीनंतर मरीन बायोलॉजी घेतलं, तर औषधांच्या क्षेत्रात त्याचा उपयोग होतो का. घरचे म्हणतात, "कोल्हापुरात बसून मासे मोजणार काय?"

मी राजारामपुरीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. लघवीचं कल्चर लावायची, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघायची, आमची प्लेट अगारची असते, म्हणजे लाल समुद्री शेवाळाची. किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळतं तेच. 1881 च्या सुमारास जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याच्या बायकोनं, फॅनी हेसेनं, ते सुचवलं. आधीचं जिलेटिन उबेला वितळायचं, अगार 37 अंशांनाही घट्ट राहतं. तेव्हा समुद्र लांब आहे, हे काही खरं नाही बघा.

पण तुम्हाला औषधच हवंय. रक्ताच्या कॅन्सरवर आजही देतात ते सायटाराबिन घ्या. 1950 च्या सुमारास वर्नर बर्गमन हा रसायनतज्ज्ञ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या स्पंजातली (स्पंज म्हणजे समुद्रतळाला चिकटून राहणारा साधा प्राणी) रसायनं तपासत होता. औषध शोधणं त्याच्या डोक्यातही नव्हतं. त्याला डीएनएच्या घटकांसारखे रेणू सापडले, फक्त त्यांतली साखर वेगळी होती, अरॅबिनोज. त्या धर्तीवर पुढे सायटाराबिन तयार झालं. पेशी त्याला आपलाच माल समजून डीएनएत जोडते आणि साखळी तिथंच अडते. भराभर वाढणाऱ्या पेशींना त्याचा फटका जास्त. अमेरिकेत 1969 मध्ये त्याला मान्यता मिळाली. आज ते कारखान्यात बनतं, स्पंज काढावा लागत नाही.

स्तनाच्या कॅन्सरवरचं एरिब्युलिन (2010) जपानी स्पंजातल्या रेणूवरून आलं. झिकोनोटाइड (2004) हे असह्य वेदनांवरचं औषध विषारी शंखाच्या विषावरून. ते मणक्याभोवतीच्या द्रवात पंपानं सोडतात. सगळी औषधं नसतातही: ब्रिटिश शास्त्रज्ञ टिम हंटला 2001 चं नोबेल मिळालं ते समुद्री साळिंदराच्या (सी अर्चिन, काटेरी गोल समुद्री प्राणी) अंड्यांत पेशीविभाजन चालवणारी प्रथिनं सापडली म्हणून, आणि कॅन्सरच्या आजच्या समजुतीला त्याचा मोठा आधार आहे.

मात्र शार्कच्या कूर्चेच्या कॅन्सरवरच्या गोळ्यांना भुलू नका. चाचण्यांत त्यांचा फायदा दिसला नाही.

घरच्यांना एवढं सांगा की यात मासे मोजण्यापेक्षा रसायनशास्त्र जास्त आहे. तुमचं केमिस्ट्री कच्चं असेल तर आत्ताच पक्कं करा, एम.एस्सी.ला बायोकेमिस्ट्री नाहीतर मायक्रोबायोलॉजीही चालेल. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथल्या प्रोजेक्टच्या जागांवर लक्ष ठेवा.