वाचकांचे प्रश्न : आई गेल्यावर आई होणं

मागच्या अंकात केट बुश या ब्रिटिश गायिकेच्या 'एरियल' (२००५) या अल्बमबद्दल थोडंसंच लिहिलं होतं, ती स्वतःच लिहिते, स्वतःच चाली लावते आणि या अल्बममध्ये आई गेल्याचं दुःख पण आहे आणि स्वतः आई झाल्याचा आनंद पण आहे, एवढंच. त्यावर भरपूर प्रश्न आलेत. त्यातले पाच घेतलेत.

प्रश्न : मला सातवा महिना असताना माझी आई गेली. डोहाळजेवणाची साडी तिनं आधीच आणून ठेवली होती, ती तशीच कपाटात आहे. बाळंतपणाला माहेरी गेलेच नाही. आता मुलगा आठ महिन्यांचा आहे. तुमचं वाचून अल्बम लावला, 'बर्टी' ऐकताना हसू आलं आणि 'अ कोरल रूम'ला इतकी रडले की सासूबाई घाबरल्या. सगळे म्हणतात अंगावर पाजतीस, रडू नको, दूध आटेल. ऐकणं बंद करू का? आणि एवढं आनंदाचं नि एवढं दुःखाचं एकाच अल्बममध्ये कसं काय ठेवलंय तिनं?
(एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : ताई, बंद करू नका. आधी दुधाचं सांगते म्हणजे तो घोर जाईल. बाळ किती वेळा आणि किती पितंय त्यावर दूध ठरतं, रडल्यानं आटत नाही. खूप ताण असला तर पाजताना दूध उतरायला थोडा वेळ लागू शकतो, एवढंच. पण झोप उडालीय, जेवण जात नाही, बाळाला घ्यावंसंच वाटत नाही असं दिवसेंदिवस चाललं असेल तर मात्र डॉक्टरांशी बोला, नाहीतर सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, तिथं मराठीत बोलता येतं.

आता गाण्यांचं. केटची आई हॅना १९९२ मध्ये गेली आणि तिचा मुलगा बर्टी झाला १९९८ मध्ये. म्हणजे आजीनं नातवाला बघितलंच नाही. अल्बमच्या दोन डिस्क आहेत, पहिल्या डिस्कवर सात गाणी आहेत, तिसरं लेकावरचं 'बर्टी' आणि सातवं आईवरचं 'अ कोरल रूम', आणि तुमच्या लक्षात आलं असेल की ही दोन गाणी एकमेकांची आठवणसुद्धा काढत नाहीत. 'आज आजी असती तर' अशी एक ओळ टाकायचा मोह कुणालाही झाला असता, ती ओळ हमखास रडवणारी पण झाली असती, तिनं टाकली नाही. मला तर या अल्बममधलं सगळ्यात खरं हेच वाटतं. 'बर्टी' मध्ये युरोपातली जुन्या काळातली तंतुवाद्यं वाजतायत आणि ती नुसती लेकाचं कौतुक करतीय, त्यात दुःखाचा थेंब नाही, काही जणांना ते गाणं फार लाडीक वाटतं पण आपल्या लेकराचं कौतुक मापून कोण करतं? आणि 'कोरल रूम' मध्ये बाळ कुठंच नाही, तिथं ती फक्त मुलगी आहे. तुमचं पण तसंच चाललंय की, सकाळी पोरगं खुदकन हसलं की तुम्ही हसताय, दुपारी कपाट उघडलं की ती साडी दिसतीय, आणि पोरगं हसलं म्हणून साडीचं दुःख कमी होत नाही आणि साडी दिसली म्हणून पोराचं हसू खोटं ठरत नाही. लोक म्हणतात बाळ आलं, आता आईचं दुःख विसर. ती तसं कुठंच म्हणत नाही.

'कोरल रूम' मध्ये पाण्याखाली गेलेलं एक शहर आहे, त्यावर मासेमारीची जाळी पसरलीयत. सांगलीच्या माणसाला हे चित्र समजावून सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, पाणी उतरल्यावर घरात शिरलेल्या माणसानं सोफा, टीव्ही राहू दे, चिखलात हात घालून आधी आईची एखादी वस्तू शोधली असेल. गाण्यात पण होडीतून पाण्यात हात घालायला सांगितलंय, हाताला काय लागतंय ते सांग म्हणते. आणि मग येतो आईचा छोटासा तपकिरी जग, म्हणजे दुधाचं भांडं. त्यात पूर्वी दूध असायचं, आता आठवणी आहेत. मध्येच एक पुरुषी आवाज जुन्या गाण्याची एक ओळ म्हणून जातो, आई स्वयंपाकघरात उभी राहून हसतीय, मुलं मागच्या दारानं आत येतायत, आणि तो जग पडतो. बाकी सगळं गाणं नुसता पियानो आणि तिचा आवाज. एवढी साधी वस्तू घेतली म्हणूनच ते इतकं आत जातं.

प्रश्न : 'एरियल' मधलं 'मिसेस बार्तोलोत्सी' हे तर वॉशिंग मशीनवरचं गाणं आहे! मुलीनं अर्थ सांगितला, लादी पुसली, कपडे धुतले, एवढंच. यात दुःख कुठंय?
(एक वाचक, कराड)

उत्तर : मुलीनं अर्थ बरोबरच सांगितला. घरात माणसं आली, सगळीकडं चिखल झाला, तो पुसायला गाण्यातल्या बाईला तासन् तास लागले, मग सगळे कपडे मशीनमध्ये. पण माणसं का आली होती, चिखल घेऊन एवढी जणं एकदम घरात कशी, ते ती सांगत नाही. मग मशीनमध्ये तिचा ब्लाउज तिच्या माणसाच्या पँटला गुंडाळला जातो, आणि पुढं वाळत घातलेले कपडे बघून तिला वाटतं की तो बाहेर उभाय. कपडे आहेत, माणूस नाही. बरेच ऐकणारे याला नवरा गेलेल्या बाईचं गाणं मानतात, मी पण मानते. मयताच्या घरात पाहुणे गेल्यावर शेवटी लादी पुसायला कोण राहतं ते तुम्ही आम्ही बघितलेलंच आहे.

प्रश्न : आई गेली १९९२ ला आणि गाणं आलं २००५ ला. एवढी वर्षं दुःख टिकतं का? मला हे जरा जुळवून आणलेलं वाटतं.
(एक वाचक, इस्लामपूर)

उत्तर : टिकतं. आणि जुळवून आणायचंच असतं तर तिनं १९९३ च्या अल्बमलाच आणलं असतं, तेव्हा बातमी ताजी होती. त्या अल्बममधल्या एका गाण्यात आईच्या तोंडची एक म्हण आहे, पण ते लिहिलं तेव्हा आई आजारी होती, हयात होती. त्यानंतर बारा वर्षं एक पण अल्बम नाही. मूल झालंय हे सुद्धा लोकांना २००० मध्ये कळलं, तोवर तिनं कुणाला कळू दिलं नाही. जिला दुःख विकायचंय ती एवढी गप्प बसत नाही. पुढं २०१४ मध्ये लंडनला तिनं २२ कार्यक्रम केले, १९७९ नंतर पहिल्यांदाच एवढे, आणि स्टेजवर बर्टी होता, सोळा वर्षांचा. त्याच्याच आग्रहानं धीर आला असं तिनं सांगितलंय.

मिरजेहून एकांनी विचारलंय की आपल्याकडं असं काही आहे का. आहे, पण आपण ते पुस्तकात शोधतो. आईवरच्या आपल्या गाजलेल्या कविता बहुतेक लेकराच्या तोंडच्या आहेत, चाफळला जन्मलेल्या कवी यशवंतांची 'आई' घ्या, आई नसलेल्या पोराचा तो टाहो आहे आणि ती कविता मोठीच आहे. पण बाई एकाच वेळी लेक पण आहे आणि आई पण आहे, हे ऐकायचं असेल तर जात्यावरच्या ओव्या ऐका. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगाव फिरून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, 'परी' (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) च्या वेबसाइटवर त्यातल्या कितीतरी बायकांच्या स्वतःच्या आवाजात ऐकता येतात. एक ओवी गेलेल्या आईची, पुढची लेकाची, मध्ये काही समजावून सांगणं नाही, जातं फिरतंय आणि ती गातीय. 'एरियल' चा सगळा जीव तिथं आहे, फक्त आपल्या बायकांचा असा अल्बम माझ्या ऐकण्यात नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न : इंग्रजी बेताचंच कळतं. कुठून सुरू करू?
(एक वाचक, शाहूपुरी, सातारा)

उत्तर : 'बर्टी' पासून करा, त्यात शब्द थोडेच आहेत, मग 'कोरल रूम'. शब्द समोर उघडून ठेवले तरी चालतील पण पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसरी डिस्क मात्र तुकड्यात ऐकू नका, ४२ मिनिटांची आहे, दुपारपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंतचा एकच दिवस आहे तिच्यात, आणि सुरुवातीला लहानग्या बर्टीचाच आवाज येतो, पक्षी काहीतरी बोलतायत म्हणून सांगत असतो. आणि मोबाईलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा, पियानोचे खालचे सूर स्पीकरवर येतच नाहीत.