कार्डावरचा आकडा आणि कॅमेऱ्यातला वेग

या वेळी मेमरी कार्डांविषयी इतकी पत्रं आली आहेत की बाकीच्या शंका पुढच्या अंकासाठी राखून ठेवल्या आहेत. बहुतेकांची तक्रार एकच आहे: वेगवान म्हणून कार्ड आणलं, तरी कॅमेरा ऐन वेळी अडतो. मी शर्यती आणि नृत्याचे कार्यक्रम टिपते. शर्यतीत पहिला धावपटू रेषा ओलांडून गेला आणि दुसरा येतोय, तरी कॅमेऱ्याचा लाल दिवा जळतोच आहे, शटर दबत नाही, हा अनुभव मला चांगला ठाऊक आहे. त्यामुळे या विषयावर जरा सविस्तर लिहिते.

प्रश्न : माझ्याकडे दोन एसडी कार्डं आहेत, दोन्ही १२८ जीबीची. जुन्यावर ९५ मेगाबाइट प्रतिसेकंद असं छापलंय, नव्यावर १७०. दोन्हींवर व्ही ३० (लिहिण्याच्या किमान वेगाची खूण) आहेच. उडणाऱ्या पक्ष्यांचे सलग फोटो घेताना मात्र दोन्ही कार्डं सारखीच अडतात. नवं कार्ड सदोष आहे का? कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे, सेकंदाला १० फ्रेम घेतो, मी रॉमध्येच (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) काढतो.

कार्ड बहुधा निर्दोष आहे. दोष त्यावरच्या छपाईच्या पद्धतीत आहे. मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा जवळपास नेहमीच वाचनाचा असतो, म्हणजे कार्डातून संगणकाकडे फाइल जाण्याचा. तुम्हाला हवाय तो लिहिण्याचा वेग. तो पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत असतो, किंवा नसतोच.

दुसरी गोष्ट तुमच्या कॅमेऱ्याच्या खाचेची. कार्डावर यूएचएस (एसडी कार्डांच्या वेगवान जोडणीचं नाव) शेजारी रोमन एक असेल, तर त्या जोडणीची प्रमाणित मर्यादा १०४ मेगाबाइट प्रतिसेकंद आहे. मग १७० कुठून आले? काही कंपन्या स्वतःची वेगळी पद्धत वापरून ही मर्यादा ओलांडतात, पण त्यासाठी ती पद्धत समजणारा कार्ड रीडर लागतो. कॅमेऱ्यांना सहसा ती समजत नाही. म्हणून तुमच्या कॅमेऱ्यात दोन्ही कार्डं एकाच पातळीवर येतात, आणि तिथे प्रत्यक्ष लिहिण्याचा वेग चांगल्या बॉडीत साधारण ७० ते ८५च्या आसपास राहतो. जुन्या बॉडीत तो याच्या निम्माही असू शकतो, कारण कॅमेऱ्याच्या आतलं सर्किटच त्याहून जोरात लिहू शकत नाही.

आता अडण्याचं गणित बघू, कारण खरी मेख तिथे आहे. तुमची रॉ फाइल सुमारे २८ मेगाबाइटची धरू. सेकंदाला १० फ्रेम म्हणजे कॅमेरा दर सेकंदाला २८० मेगाबाइट तयार करतो. हे सगळं आधी कॅमेऱ्याच्या बफरमध्ये, म्हणजे आतल्या तात्पुरत्या मेमरीत, साठतं आणि तिथून कार्डावर उतरतं. बफरमध्ये ३० फ्रेम मावतात असं मानू, म्हणजे ८४० मेगाबाइट. कार्ड ३५च्या वेगाने लिहीत असेल, तर बफर दर सेकंदाला २४५ने भरतो आणि साधारण साडेतीन सेकंदांत तुंबतो. तोवर ३४ फोटो झाले. कार्ड ७५चं असेल, तर चार सेकंदांच्या थोडं पुढे, ४१ फोटो. दुप्पट वेगाच्या कार्डाने सलग मालिकेत फक्त सात फोटो वाढले! पण बफर पूर्ण रिकामा व्हायला पहिल्या कार्डाला २४ सेकंद लागतात आणि दुसऱ्याला ११. पक्षी पुन्हा झेपावला तेव्हा कॅमेरा तयार असेल की नाही, ते या फरकावर ठरतं. कार्डांची तुलना करताना लोक फक्त सलग किती फोटो आले ते मोजतात आणि फरक नाही म्हणून मोकळे होतात. रिकामं व्हायला लागलेला वेळ मोजा, फरक लगेच दिसेल.

हेच २२०ने लिहिणारं यूएचएस-२ कार्ड असतं, तर बफर भरायला १४ सेकंद लागले असते आणि चार सेकंदांत तो रिकामा झाला असता. पण त्यासाठी कॅमेऱ्याची खाच यूएचएस-२ची हवी. या कार्डाच्या मागच्या बाजूला पिनांची दुसरी ओळ असते. जुन्या खाचेत ते चालतं, पण दुसरी ओळ वापरातच येत नाही आणि कार्ड यूएचएस-१च्या वेगावर उतरतं. तेव्हा आधी कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका उघडा, कार्डाचं नंतर ठरवा.

प्रश्न : संगणकावर वेग मोजणारे प्रोग्राम मिळतात. त्यांचे आकडे धरून कार्डांची तुलना केली तर चालेल का?

कार्ड रीडरसाठी चालेल, कॅमेऱ्यासाठी नाही. शिवाय तुमचा रीडर यूएसबी २चा असेल, तर तिथली मर्यादाच सेकंदाला ४८० मेगाबिट आहे आणि प्रत्यक्षात हाती ३० ते ४० मेगाबाइट येतात. मग उत्तम कार्ड आणि सुमार कार्ड दोन्ही तिथे सारखीच दिसतात.

तुलना तुमच्याच कॅमेऱ्यात करा. लागतं काय, तर एक स्टॉपवॉच. मी करते तशी रीत सांगते. कॅमेरा तिपाईवर लावा. फोकस मॅन्युअल, शटर १/५००, आयएसओ ठरावीक. ऑटो काहीही नको. समोर बारीक तपशिलाचं, चांगल्या उजेडातलं दृश्य ठेवा: पुस्तकांचं कपाट किंवा दाट पानांचं झाड. लेन्सची टोपी लावून चाचणी घेणारे पुष्कळ आहेत. त्यांना नम्रपणे सांगते की तसं करू नका. रॉ फाइल कॅमेऱ्यातच दाबून छोटी केली जाते, आणि काळ्या फ्रेममध्ये तपशील नसल्याने ती फारच छोटी होते. उलट आयएसओ वाढवला की नॉइजमुळे, म्हणजे फोटोत उमटणाऱ्या दाण्यांमुळे, तीच फाइल फुगते. एका कार्डाला छोट्या फाइल आणि दुसऱ्याला मोठ्या दिल्या, तर तुलनेला काही अर्थ उरत नाही. नॉइज कमी करण्याची आणि लेन्सचे दोष सुधारण्याची सोयही बंद ठेवा, कारण तो वेळ प्रोसेसरचा असतो आणि नावावर मात्र कार्डाच्या लागतो.

कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. शटर दाबून बरोबर ३० सेकंद धरून ठेवा, मग सोडा, पण घड्याळ चालूच राहू द्या. लिहिण्याचा दिवा विझला की घड्याळ थांबवा. नंतर संगणकावर सगळ्या फाइलींचं एकूण आकारमान बघा आणि त्याला एकूण सेकंदांनी भागा. वरच्याच उदाहरणात ३० सेकंदांत ११० फोटो आले, ३०८० मेगाबाइट झाले आणि दिवा ४१व्या सेकंदाला विझला, तर वेग ७५. हा तुमच्या कॅमेऱ्यातला, त्या कार्डाचा, खरा लिहिण्याचा वेग. प्रत्येक कार्डाची चाचणी निदान तीनदा घ्या आणि मधला आकडा धरा.

आता एक पायरी अशी, जी जवळपास कुणीच करत नाही आणि जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कार्ड बरंचसं भरू द्या आणि मग तीच चाचणी पुन्हा घ्या. काही कार्डांत सुरुवातीचा थोडा भाग वेगाने लिहून घेण्याची सोय असते. तो भाग भरला की कार्ड एकदम मंदावतं. रिकाम्या कार्डावर छान आकडा दाखवून अर्ध्यावर ढेपाळणारं कार्ड आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत थोड्या कमी पण एकसारख्या वेगाने लिहिणारं कार्ड यांत मी डोळे झाकून दुसरं घेईन. कार्यक्रमाचा शेवटचा, सर्वांत रंगलेला भाग नेहमी भरलेल्या कार्डावरच येतो.

या चाचणीत शटरची झीज होते अशी चिंता वाटत असेल, तर इलेक्ट्रॉनिक शटर वापरा. मात्र काही कॅमेरे तसं केल्यावर १४ ऐवजी १२ बिटांची फाइल करतात आणि ती लहान होते. सगळ्या कार्डांना एकच शटर वापरलं की झालं.

प्रश्न : माझा कॅमेरा फोर-के व्हिडिओ १०० वेगाने नोंदवतो आणि कार्डावरही १००च लिहिलंय. तरी थोड्या वेळाने ‘कार्डाचा वेग अपुरा’ असा संदेश येऊन चित्रण थांबतं. कार्डावर १० आकडा असलेलं गोल चिन्ह आणि यू १ आहे.

हे दोन्ही १०० वेगळे आहेत. कॅमेऱ्याचे १०० मेगाबिट आहेत, कार्डाचे मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून व्हिडिओला सेकंदाला १२.५ मेगाबाइट लागतात. एवढ्यावरून तुमचं कार्ड हसत-हसत पुरेल असं वाटेल. पण कार्डावरचे १०० वाचनाचे आहेत. लिहिण्याची हमी त्या गोल चिन्हात आणि यू १मध्ये आहे, आणि ती दोन्हींकडे सेकंदाला फक्त १० मेगाबाइटची आहे. सरासरी वेग त्याहून जास्त असेलही, पण मधेच क्षणभर तो १२.५च्या खाली घसरला आणि बफरलाही तेवढं तोलता आलं नाही, की चित्रण थांबतं. फोटोत कार्ड मंदावलं तर तुम्हाला वाट बघावी लागते. व्हिडिओला वाट बघता येत नाही.

म्हणून व्हिडिओसाठी कमाल वेगाकडे बघूच नका, किमान हमी बघा. यू ३ आणि व्ही ३० म्हणजे ३०, व्ही ६० म्हणजे ६०, व्ही ९० म्हणजे ९० मेगाबाइट प्रतिसेकंद. तुमच्या कामाला व्ही ३० भरपूर झालं. ४०० मेगाबिटने चित्रण करणाऱ्यांना ५० मेगाबाइट लागतात, त्यांनी व्ही ६०च्या खाली जाऊ नये.

प्रश्न : फोनमधलं ए २ चिन्हाचं मायक्रोएसडी कार्ड अडॅप्टरमध्ये घालून कॅमेऱ्यात वापरलं तर वेग वाढेल का?

नाही. ए १ आणि ए २ ही चिन्हं फोनमधल्या अ‍ॅपसाठी आहेत: लहान-लहान तुकडे इकडून तिकडून किती पटकन वाचता-लिहिता येतात, त्याची ती मोजणी आहे. कॅमेरा मोठ्या फाइली सलग लिहितो. अडॅप्टर वेग वाढवत नाही, उलट सैल होणारा आणखी एक सांधा तेवढा वाढतो. अडचणीच्या वेळी वापरा, महत्त्वाच्या कामाला नको.

प्रश्न : दोन खाचांचा कॅमेरा घेतलाय. एकीत व्ही ९० आणि दुसरीत जुनं व्ही ३० कार्ड आहे, दोन्हींवर रॉ उतरवते. पहिल्यापेक्षा काहीच वेगवान वाटत नाही.

दोन्हींवर तेच लिहायचं असेल, तर हळू कार्डाचं लिहून होईपर्यंत बफर सुटत नाही. त्यामुळे तुमचा कॅमेरा व्ही ३०च्याच चालीने चालतोय. वेगवान कार्डावर रॉ आणि दुसऱ्यावर मध्यम आकाराचं जेपेग ठेवा. फाइल लहान झाल्याने दुसरं कार्ड मागे पडणार नाही आणि गरजेपुरती दुसरी प्रतही राहील. दोन्हीकडे रॉ हवंच असेल, तर कार्डं सारखी घ्या. त्याआधी पुस्तिकेत बघून घ्या, कारण काही कॅमेऱ्यांत एक खाच यूएचएस-२ आणि दुसरी यूएचएस-१ असते.

प्रश्न : जुन्या डीएसएलआरचं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आहे, त्यावर १०६६एक्स असं लिहिलंय. हे मेगाबाइटमध्ये किती?

एक एक्स म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट. हे माप सीडीच्या मूळ वेगावरून आलं. १०६६ गुणिले १५० केले की सुमारे १६० मेगाबाइट येतात. तोही बहुतेक वाचनाचाच आकडा, तेव्हा लिहिण्यासाठी वरची स्टॉपवॉचची चाचणी घ्या.

प्रश्न : माझं कार्ड पहिल्यासारखं चालत नाही असं जाणवतं. मी नको असलेले फोटो कॅमेऱ्यातच एकेक करून पुसतो. त्याचा काही संबंध असेल का?

असू शकतो. फ्लॅश मेमरीत आधीच्या मजकुरावर थेट लिहिता येत नाही. आधी पुसावं लागतं, आणि पुसायचं तर एक पूर्ण मोठा कप्पाच पुसला जातो, त्यातला एक फोटो नाही. एकेक फोटो काढून टाकल्यावर कार्डभर लहान मोकळ्या जागा विखुरतात. नवी फाइल लिहिताना कार्डाच्या आतल्या कंट्रोलरला जुना मजकूर उचलून दुसरीकडे ठेवावा लागतो, मग कप्पा पुसावा लागतो, मग लिहावं लागतं. या खटाटोपात वेग जातो.

फोटो संगणकावर घ्या, त्यांची दुसरी प्रत झाली आहे याची खात्री करा, आणि मग पूर्ण कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करा. कॅमेऱ्यात लो-लेव्हल फॉरमॅटचा (कार्ड मुळापासून पुसण्याचा) पर्याय असेल, तर अधूनमधून तो वापरा. मात्र नंतर फोटो परत मिळवण्याची आशा ठेवू नका. संगणकावर फॉरमॅट करायचंच असेल, तर एसडी असोसिएशनचा स्वतःचा फॉरमॅटर मोफत मिळतो, तो घ्या.

एवढं करूनही ३० सेकंदांच्या चाचणीत वेग पूर्वीच्या निम्म्यावर राहिला, तर ते कार्ड कामावर नेऊ नका. आणि कार्ड अगदी नवं असूनच मंद असेल, तर ते बनावट नाही ना, हे आधी तपासा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, इतरत्र एफ३ हे मोफत प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरून परत वाचतात. १२८ जीबी छापलेल्या कार्डात खरोखर किती मावतं, ते तेव्हा कळतं. ही तपासणी मी नव्या कार्डावर पहिल्या कामाआधी करतेच. तिला वेळ बराच लागतो, म्हणून रात्री लावून ठेवते.