बुकिंगच्या पैशातून सिनेमा?

प्रश्न : बडोद्यात वाघोडिया रोडला माझ्या दोन इमारती पूर्ण झाल्या, तिसरीचं बुकिंग चालू आहे. मराठी चित्रपट काढायची फार इच्छा आहे. बुकिंगचे पैसे तात्पुरते वळवले तर चालतील का?

उत्तर : नाही, अजिबात नाही. २०१६ च्या रेरा, म्हणजे बिल्डरांच्या व्यवहारांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यानं ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ते जमीन आणि बांधकाम यांवरच खर्चायचे. काढतानाही इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए अशा तिघांचे दाखले लागतात. उरलेले ३० टक्के म्हणजे तुमचा नफा, असंही समजू नका. माझ्या मावशीनं रखडलेल्या फ्लॅटपायी चार वर्षं हप्ता आणि भाडं दोन्ही भरलं. तिचा चेहरा मी विसरलेलो नाही.

सिनेमा जरूर काढा, पण पूर्ण झालेल्या इमारतींच्या नफ्यातून आणि वेगळी कंपनी करून. आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती, पण ती स्वतःची! आधी तिसऱ्या इमारतीच्या चाव्या द्या. तोवर पटकथा लिहून घ्या, आणि लेखकाचे पैसे वेळेवर द्या.