नेमा १७ मोटरच्या डी-शाफ्टसाठी पितळी बुश: भोकातली सपाट बाजू लहान लेथवर कशी करायची?

नेमा १७ हे स्टेपर मोटरचं एक ठरलेलं माप. डी-शाफ्ट म्हणजे एका बाजूने सपाट केलेला, इंग्रजी D च्या आकाराचा शाफ्ट, आणि बुश म्हणजे त्यावर बसणारी नळी. तुमच्याकडे लहान लेथ आहे, स्लॉटिंग मशीन (भोकात खाच कापणारं यंत्र) नाही, आणि बुश एकच हवंय. मग माझं ठाम मत असं की सपाट बाजू कापून काढायच्या मागे लागू नका. भोक गोलच पाडा आणि सपाट बाजूच्या जागी आडवी पिन बसवा.

या शाफ्टचा व्यास ५ मिमी आणि फ्लॅटवरून (सपाट बाजूवरून) मोजला तर साधारण ४.५ मिमी भरतो (तुमचा मायक्रोमीटरने मोजून घ्या). म्हणजे फ्लॅट मध्यापासून २ मिमीवर आहे. बुशमध्ये तेवढ्या भागात धातू शिल्लक राहायला हवा, म्हणून मध्यावर ४ मिमीपेक्षा मोठं ड्रिल घालताच येत नाही. बाकीचा २८६ अंशांचा गोल भाग कानशीने वाढवायचा, तोही भोकाची तोंडं न फाकवता. मुरलेल्या फिटरचाही यात कस लागतो.

पिन २ मिमीची घ्या. तिचा मध्य भोकाच्या मध्यापासून ३ मिमीवर ठेवला की तिची आतली कड बरोबर २ मिमीवर येते.

कामाचा क्रम मात्र उलटा करू नका. पिनचं भोक आधी, मोटरच्या शाफ्टचं नंतर. मोठं भोक आधी पाडलं तर बारीक ड्रिल त्याच्या कडेला उघडं पडतं आणि तिकडे ओढलं जातं. १२ मिमीचा पितळी रॉड टूलपोस्टमध्ये (एरवी कापायचं हत्यार धरतो तिथे) आडवा धरा, खाली पॅकिंग देऊन त्याचा मध्य स्पिंडलच्या मध्यापेक्षा ३ मिमी खाली आणा, ड्रिल चकमध्ये लावा. तिथे रॉडचा पृष्ठभाग ३० अंश उतरता असतो, ड्रिल घसरणारच. म्हणून कानशीने छोटी सपाट बैठक करा, सेंटर ड्रिल मारा, मग १.९ मिमी ड्रिल आणि २ मिमी रीमर (भोक अचूक मापाला आणणारं हत्यार).

आता या भोकात पितळेची काडी घट्ट ठोका आणि रॉड चकमध्ये धरा. डायल गेज लावून फिरताना त्याचा डोल ०.०२ मिमीच्या आत आहे ना ते बघा, नाहीतर जपलेलं ३ मिमीचं अंतर इथे हुकेल. ४.८ मिमी ड्रिल, त्यामागून ५ मिमी रीमर. काडीला खाच पडेल, पण भोक सरळ राहील. काडी ठोकून बाहेर काढा, बर (कडेला राहिलेले धातूचे काटे) साफ करा आणि १० मिमी लांबीची डॉवेल पिन (अचूक मापाची पोलादी पिन) बसवा. बुश लांब असेल तर दोन पिना द्या.

पिन आणि फ्लॅट यांत ०.०५ मिमी फट राहिली तरी शाफ्ट दोन्ही बाजूंना जवळजवळ २-२ अंश खेळतो, कारण फ्लॅटची रुंदी जेमतेम ३ मिमी आहे. त्यासाठी पिनच्या समोरच्या बाजूने एम-३ ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा, ३ मिमीचा स्क्रू) द्या. तो शाफ्टला पिनवर दाबून धरतो आणि खेळ जातो.

पुढे कधी वीस-पंचवीस नग लागले तर हे सगळं सोडा आणि वायरकट (बारीक तारेच्या विद्युत ठिणग्यांनी धातू कापणं) करून घ्या. भोसरी, अंबड, शिरोली अशा एमआयडीसींमध्ये असं जॉबवर्क करणारे आहेत. एकेक बुश देऊ नका. ५० मिमी लांब रॉडमध्ये एकदाच डी कापून घ्या आणि तुकडे लेथवर पाडा. वायर बहुधा ०.२५ मिमीची असते, त्यामुळे डीच्या कोपऱ्यांत थोडी गोलाई राहते. बुश अडकत असेल तर भोक मोठं करू नका, शाफ्टच्या फ्लॅटच्या दोन्ही धारा ऑइलस्टोनवर हलक्या मारा.