अंगठ्याच्या बुडाचं हाड बाहेर आलंय, फार ठणकतं. घरी काय करता येईल?

तुम्ही विचारलंय की आईंच्या उजव्या पायाच्या अंगठ्याशी हाड बाहेर आलंय, संध्याकाळी ठणकतं आणि ऑपरेशनची त्यांना भीती वाटते. माझ्या दोन्ही पायांना हेच आहे. माझ्या आईला होतं, मावशीला आहे. घराण्यात असलं की पुढे येतंच असं नाही, पण बऱ्याचदा येतं. मी पोळी-भाजी केंद्र चालवते, पहाटे पाचपासून ओट्यापाशी उभी असते, त्यामुळे हे दुखणं मला चांगलं ठाऊक आहे.

आधी आईंना एवढं समजावून सांगा की ते नवीन उगवलेलं हाड नाही. अंगठ्यामागचं लांब हाड दुसऱ्या पायाच्या दिशेला सरकतं, अंगठा शेजारच्या बोटांकडे कलतो आणि मधला सांधा वाकवलेल्या कोपरासारखा वर येतो. डॉक्टर त्याला बनियन म्हणतात. चोळून, दाबून, घट्ट बांधून ते आत जात नाही. मी एका मालिशवाल्याकडून अंगठा ओढून घेतला होता, त्यानंतर आठ दिवस पायात चप्पल घालवत नव्हती. ते कुरूपही नाही. कुरूप समजून कॉर्न कॅप लावू नका, तिच्यातल्या औषधाने चांगली कातडी सोलून निघते.

ठणका बहुतेक वेळा घासण्याने आणि दाबाने लागतो. म्हणून त्या हाडाला जागा करून द्यायची, बाकी सगळं त्याच्या नंतर.

संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, आईंना जाड कागदावर उभं करा. बसवून नको, अंगावरचं वजन पायावर पडलं की पाऊल पसरतं. पेन सरळ धरून पावलाभोवती रेघ मारा, आकार कापा आणि रोजच्या चपलेवर किंवा बुटात ठेवून बघा. माझ्या बुटात कागदाची कड अंगठ्याच्या बाजूला चांगली बोटभर दुमडली गेली. इतकी वर्षं माझं पाऊल तिथे तसंच दुमडून बसत होतं, हे बघून मला रडू आलं. पुढे निमुळती होणारी आणि उंच टाचेची पादत्राणं बंद करा. चामड्याचा बूट एका जागीच चावत असेल तर चांभाराकडून फर्म्यावर चढवून तेवढाच भाग ताणून मिळतो. अंगठ्याचा पट्टा असलेली चप्पल असेल तर पट्ट्याची कड हाडावर येत नाही ना, ते बघा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे घरात अनवाणी वावरणं. दिवसाचे आठ-दहा तास फरशीवर जातात आणि आपण फक्त बाहेरच्या चपलेचा विचार करतो. मी स्वयंपाकघरासाठी जाड, मऊ तळव्याची रुंद चप्पल वेगळी ठेवली, ओट्यापाशी रबरी मॅट टाकली. इतका फरक दुसऱ्या कशानेच पडला नाही. देवघरापाशी काढून ठेवते, एवढंच.

आणि जोडवी. अंगठा कलला की तो शेजारच्या बोटाला रेटतो आणि मध्ये जोडवं रुततं. माझं बोट तिथे काळंनिळं झालं होतं. आईंना ती काढायची नसतील तर सोनाराकडून सैल करून घ्या, निदान रात्री तरी उतरवून ठेवू द्या. बोट सुजून जोडवी अडकली असतील तर ओढू नका, जोडवीच कापून घ्या.

अंगठा आणि बोट यांच्यामध्ये ठेवायचा सिलिकॉनचा तुकडा मेडिकलमध्ये मिळतो. घरात, उघड्या पायाला तो छान आराम देतो. तंग बुटात मात्र तोच जागा खातो आणि हाड आणखी बाहेर रेटतो. रात्री बांधायच्या पट्ट्याने मला झोप लागली, पण तो काढला की अंगठा होता तिथे परत येतो. मोठ्या माणसाचं हाड त्याने सरळ होत नाही.

खूप ठणकलं तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं. लाल, गरम सूज असताना शेकू नका. मी झोपण्यापूर्वी जमिनीवर पंचा पसरून बोटांनी गोळा करते, बोटं फाकवून धरते. त्याने आकार बदलत नाही, पाय मोकळा होतो. वेदनाशामक जेल लावायला हरकत नाही, पण बीपी, मूत्रपिंड किंवा पोटाच्या अल्सरचा त्रास असेल तर पोटात घ्यायच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच.

एका रात्रीत सांधा लालबुंद होऊन चादरीचा स्पर्शही सोसेना, तर ते यूरिक ॲसिडचं दुखणं, गाऊट, असू शकतं. ते बऱ्याचदा याच सांध्यात येतं आणि त्याचा इलाज वेगळा आहे. शेजारचं बोट अंगठ्यावर चढत असेल किंवा रुंद चपलेतही चालवत नसेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, उभं राहून एक्स-रे काढतात. दाखवलं म्हणजे लगेच ऑपरेशन असं नसतं, नुसत्या दिसण्यासाठी ते करूही नये.

आईंना मधुमेह आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल, किंवा तळव्याला बधिरपणा असेल, तर बर्फ, शेक, कॉर्न कॅप काहीच घरी करू नका. रोज रात्री उजेडात त्या हाडावरची कातडी तुम्ही स्वतः बघा आणि बारीकशी जखम किंवा फोड दिसला तरी त्याच दिवशी त्यांना दवाखान्यात न्या.