डीएलसी कोटिंगचे पोपडे सुटतात. जाडी वाढवावी का?

तुमच्या एन-31 या बेअरिंगच्या पोलादाच्या पिनांवर 2 मायक्रॉन डीएलसी, म्हणजे हिऱ्यासारख्या कार्बनचा थर आहे, चार-सहा दिवसांत कडेपासून पोपडे सुटतात आणि पुढच्या लॉटला 4 मायक्रॉन मागवावं का, असं तुम्ही विचारलंय. नका मागवू. या थरात मुळातच काही गिगापास्कल इतका दाबाचा ताण साठलेला असतो. तो थराला उचकटायला जी ऊर्जा पुरवतो ती जाडीच्या प्रमाणात वाढते. जाडी दुप्पट, तर ऊर्जाही दुप्पट. ओल आलेल्या भिंतीवर चुन्याचे हात वाढवले की पोपडे मोठे पडतात, तसंच.

आधी पोपडा सुटलेली जागा 100 पट मोठी करून बघा. खाली चकचकीत पोलाद दिसलं, तर दोष सफाईचा किंवा आयन-एचिंगचा, म्हणजे थर देण्याआधी आयनांच्या माऱ्याने पृष्ठभाग खरवडण्याचा. पकडीसाठी डीएलसीखाली दिलेलं राखाडी क्रोमियमचं अस्तर चिकटून राहिलेलं दिसलं, तर क्रोमियमवरून कार्बनकडे जाताना मधला थर हळूहळू बदलत नेलेला नाही. त्याच लॉटमधल्या एका पिनेच्या सपाट तोंडावर रॉकवेल सी या कडकपणाच्या चाचणीचा 150 किलोचा ठसाही मारा. ठशाभोवती नुसत्या बारीक चिरा असतील तर पकड चांगली. खपल्या निघाल्या असतील तर तो लॉट मशीनवर चढवूच नका.

माझा पहिला संशय मात्र पोलादावरच जातो. एन-31 कडक केल्यावर साधारण 150 ते 180 अंशांवर टेम्पर करतात, म्हणजे पुन्हा बेताने तापवतात. कोटिंगच्या चेंबरमध्ये 200-250 अंश झाले की पिनेचं पाणी उतरतं, आणि मऊ पोलादावरचा कडक थर गादीवर ठेवलेल्या काचेसारखा तडकतो. बारीक पिना आयनांच्या माऱ्याने मीटरवरच्या आकड्यापेक्षाही जास्त तापतात. म्हणून कोटिंगआधी आणि नंतर, दोन्ही वेळा कडकपणा मोजा. फरक पडला असेल तर 150 अंशांखालची प्रक्रिया मागा, नाहीतर 500 अंशांच्या वर टेम्पर होणारं हायस्पीड स्टील, उदाहरणार्थ एम-2, घ्या.

कडेला सुटण्याचं आणखी एक कारण आहे. धारदार कडेवर विद्युतक्षेत्र एकवटतं, तिथे मारा आणि ताण दोन्ही वाढतात. बर, म्हणजे कडेला राहिलेले धातूचे कंगोरे, काढून तिथे 0.1-0.2 मिमी गोलाई द्या. पृष्ठभाग 0.1 मायक्रॉन आरए (सरासरी खडबडीतपणा) किंवा त्याहून गुळगुळीत हवा, कारण पातळ थर ओरखडे बुजवत नाही. वायरकटचा, म्हणजे तारेच्या ठिणग्यांनी कापताना वितळून थिजलेला थर आणि ग्राइंडिंगचे जळके डाग पूर्ण काढा. बफिंगचं मेण तर अजिबात नको, ते छिद्रांत दडून बसतं.

कोटिंग करून देणाऱ्याला हेही विचारा: 50-60 अंशांच्या अल्कली द्रावणात अल्ट्रासोनिक, डीआयोनाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्याने धुणं, आयसोप्रोपिल अल्कोहोल, लगेच गरम हवा, आणि त्यानंतर हातमोज्यांशिवाय स्पर्श नाही, असा क्रम पाळतात का? अॅसिटिलीन वापरत असतील तर सिलिंडर तळाला जाईपर्यंत ओढतात का? तो वायू अॅसिटोनमध्ये विरघळवून भरलेला असतो. शेवटी शेवटी अॅसिटोनची वाफ चेंबरमध्ये येते आणि लॉटगणिक थर बदलतो.

लॅबमध्ये घर्षणांक कमी आणि मशीनवर जास्त, हा तुमचा दुसरा मुद्दा. हायड्रोजन भरपूर असलेला डीएलसी कोरड्या नायट्रोजनमध्ये विलक्षण निसरडा होतो. अमेरिकेतल्या आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीत अली एर्देमिर यांच्या गटाने 0.001 च्या आसपासचे आकडे मोजले आहेत. दमट हवेत तोच थर 0.1 ते 0.2 दाखवू शकतो. हायड्रोजनविरहित थराचं नेमकं उलट: त्याला ओलावा लागतो, कोरड्यात तो अडकतो. त्यामुळे रिपोर्टवर चाचणीच्या वेळची आर्द्रता लिहिलेली नसेल तर त्या आकड्यावर डिझाइन करू नका. आणि पिनेच्या जोडीदार भागावर सुरुवातीला चढणारी काळसर कार्बनची साय पुसू नका. घर्षण कमी करण्याचं बरंचसं काम तीच करते, आणि दर शिफ्टला पुसली की दर शिफ्टला नव्याने झीज सुरू होते.